मुलं किती?

घटस्फोटाच्या अर्जातल्या 'मुलं किती' या रकान्यात साल्किनने 'एक' असं लिहिलं, आणि आपलं काही चुकलं असं तिला वाटलंही नाही. गेली अकरा वर्षं ती असंच उत्तर देत आली होती. आधी सहा वर्षं 'अजून नाही', आणि एरबोल झाल्यावर 'एक'. लग्नकार्यात, वडापच्या गाडीत, दवाखान्यात, कुणीही विचारलं की जीभ आपोआप तिकडेच वळायची.

खिडकीमागे नासिपा होती. कोर्टात अर्ज घेणारी ही बाई सगळ्या तालुक्याला ठाऊक. नवरे तिला घाबरायचे, बायका तिच्यासाठी घरून कणकेचे बोर्सोक तळून आणायच्या. तिने साल्किनच्या ओळखपत्राचा नंबर संगणकात घातला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाली, "काय गं, शाळेत गणितात नापास व्हायचीस का?"

"का हो बाई?"

"इथं दोन दिसतात. एरबोल, वय पाच. आणि जिबेक, वय अकरा. ही जिबेक कोण?"

"ती आपाची."

"कुठल्या आपाची?"

"माझ्या सासूची. ओटीत घातली तिच्या. पहिली होती ना ती."

नासिपाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. तिचा स्वतःचा थोरला भाऊ आजीला आई म्हणत मोठा झाला होता, आणि खऱ्या आईच्या मयतीला पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला होता. तरी ती म्हणाली, "ते तुमच्या घरात. या डब्याला ओटीबिटी कळत नाही. त्याच्या लेखी आई तू आणि बाप कुबात. दत्तकाचा कागद केला होता का?"

"कागद कशाला? घरातल्या घरात तर दिली."

"मग नीट ऐक. एक पोर असेल तर बापाच्या कमाईचा पाव हिस्सा. दोन असतील तर तिसरा हिस्सा. तीन किंवा वर असतील तर निम्मा. पोरं अठराची होईपर्यंत. तुझा नवरा रशियात काय कमावतो त्याचा दाखला त्याने नाही दिला, तर इथला सरासरी पगार धरून काढतात."

"आणि मला काही?"

"तुला कशाचं? बायकोला पोटगी मिळते ती पोर तीन वर्षांचं होईस्तोवर, नाहीतर अंथरुणाला खिळली असेल तर. तुझा लेक पाचाचा. हातपाय धड आहेत ना?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी."

"झालं तर मग. खाऊन पिऊन सुखी आहेस असं कोर्ट म्हणणार." नासिपाने अर्ज तिच्याकडे परत सरकवला. "दोन लिहिलंस तर तिसरा हिस्सा. पण मग पोरगी कुणाजवळ राहणार हे न्यायाधीश काढणार. दहा वर्षांच्या वरचं पोर असेल तर त्यालाच विचारतात. बघ बाई. मागे रांग आहे."

पाव, तिसरा, निम्मा. कायद्याला एवढेच अपूर्णांक येतात, आणि ते शाळेतल्या पोरालाही येतात. पण साल्किनच्या डोक्यात पैशाचा हिशेब चाललेलाच नव्हता. त्या यंत्रात, कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी बोटांनी बडवून ठेवलेल्या ओळीत, आई म्हणून तिचं नाव होतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जन्माचा दाखला आपाच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आपाच्या गळ्यात.

यात अन्याय झाला असं कुणी म्हटलं तर नारिनकडची, इथल्या डोंगरातली माणसं हसतील. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, हे इथं घोड्याला चार पाय असतात इतकं उघड आहे. म्हातारपणी घर रिकामं राहू नये, सुनेने आणि मुलाने मोकळेपणी संसार करावा, पुढची सगळी त्यांचीच की! ऐकायला किती छान वाटतं. पण ज्याने ही रीत काढली त्याला कधी पान्हा फुटला नव्हता, एवढं नक्की.

जिबेक चाळीस दिवसांची झाली तेव्हा तिला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं. मग सासूने, झुराकान आपाने, आपल्या झग्याच्या गळ्यातून बाळ आत घेतलं आणि खाली घोळातून बाहेर काढलं. असं तीनदा. जमलेल्या बायका ओरडल्या, "झुराकान बाळंत झाली गं! मुलगी झाली! चोपन्नाव्या वर्षी लाज नाही बाईला!" सगळ्या खो खो हसल्या. साल्किनही हसली. वीस वर्षांची होती, तिला वाटलं हा लटका खेळ आहे, संध्याकाळी पोर परत कुशीत येईल.

पोर परत आली ती फक्त दूध प्यायला. आपा आणून द्यायची, समोर बसून राहायची आणि पिऊन झालं की उभ्याउभ्या घेऊन जायची. ढेकर काढणार आपा, अंगाई गाणार आपा. साल्किनला फार काही नको असायचं. पाजून झाल्यावर पोर खांद्यावर टाकावी आणि तिचा ढेकर आपल्या कानाशी ऐकावा, एवढंच. वर्षभरात ते चार-पाच वेळा जमलं, आपा बाहेर घोडीची धार काढत असताना.

आपा वाईट होती असं मात्र मी म्हणणार नाही. नवरा गेलेला, दोन मुली लांब दिलेल्या, आणि हे धाकटं लेकरू मिळालं तेव्हा ती बाई दहा वर्षांनी तरुण झाली. गोवर आला तेव्हा सात दिवस बसून काढले तिने. जिबेकला ताप चढला की आपाला घास जात नसे. त्या घरात 'आपा' सगळेच म्हणायचे, पण आपा म्हणजे आई, आणि जिबेकच्या तोंडी तो शब्द खरा असायचा.

कुबात तिचा दादा झाला आणि साल्किन तिची वहिनी. गावात शंभर तोंडं, शेजाऱ्याची मेंढी व्यायली तरी चार दिवस चर्चा करणारी, पण या एका बाबतीत सगळी शिवलेली. पोरीला कुणी कधी काही बोललं नाही. वहिनीवर तिचा जीव होता. वेण्या वहिनीकडून, गुपितं वहिनीजवळ, आणि धाकट्या नणंदेने वहिनीची करायची ती थट्टाही भरपूर. "वहिनी, तुझ्या बोर्सोकने आमच्या कुत्र्याचा दात पाडला बघ!" साल्किन लाटणं घेऊन मागे लागायची. आपाला ती 'तू' म्हणायची, वहिनीलाही 'तू'. त्या 'तू'वर साल्किन दिवस काढत होती.

कुबात तीन वर्षांपूर्वी रशियात गोदामात कामाला गेला. पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी निमित्तं आली, तिसऱ्या वर्षी तिथल्या बाईला मूल झाल्याची बातमी आली. मग त्याने फोनवरून 'तलाक' तीनदा उच्चारून साल्किनला मोकळं केलं, आणि चौथ्यांदा विचारलं, "ऐकू आलं ना? इथं रेंज नाहीये." ऐकू आलं होतं. ती एरबोलला घेऊन तालुक्याला आली, एक खोली घेतली, शाळेत साडेतीनशे पोरांचा भात आणि शोरबा रांधू लागली. घर सोडणारी सून आपली पोरं घेऊन जाते. नणंदेला कुणी नेत नाही. जिबेक फाटकाशी उभी राहून हात हलवत राहिली आणि साल्किनने मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती गेलीच नसती.

त्या थंडीत आपाला झटका आला. डावं अंग लुळं पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. साल्किन भेटायला गेली तेव्हा कुबातचा फोन चालू होता, आणि फोन कानाला धरवत नाही म्हणून आपाने तो मोठ्या आवाजावर ठेवलेला. "आपा, तुझं काही बरंवाईट झालं तर जिबेकला मी इकडे आणीन. इथं बाळाकडे बघायला कुणी नाहीये. मोठी झाली आता, कामाला येईल."

कामाला येईल. जिबेक तेव्हा चुलीपाशी बसून आपासाठी शोरबा गाळत होती. ती ऐकून हसली, तिला रशिया बघायची होती.

म्हणून त्या दिवशी खिडकीशी, मागची रांग कुरकुरत असताना, साल्किनने 'एक' खोडून 'दोन' लिहिलं.

"खाडाखोड चालत नाही," नासिपा म्हणाली. "नवा कागद घे." आणि नवा कागद देताना हळूच म्हणाली, "विचार केलास ना?"

"नाही केला. केला असता तर लिहिलं नसतं."

समन्स गावी पोचलं आणि तिसऱ्या दिवशी आपा शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डावा पाय ओढत, उजव्या हातात कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. पोरं जेवून गेली होती, साल्किन मोठी कढई घासत होती. तिने हात पुसले आणि सवयीने सासूसमोर कमरेत वाकली. मोडत चाललेल्या लग्नातही शरीर आपली रीत सोडत नाही.

"बसा आपा. चहा टाकते."

"चहा प्यायला नाही आले. हे एरबोलला." तिने पिशवी ठेवली. तोंड वाकडं झाल्यामुळे शब्द घसरत होते, पण राग सरळ होता. "कागद आला. वाचून घेतला मी शेजाऱ्याकडून. तू पोरगी मोजलीस."

"आपा..."

"तिसरा हिस्सा हवाय ना तुला? घे. निम्मा घे. माझी दुभती घोडी वीक आणि त्याचेही घे. पण पोरगी मोजू नकोस. ओटीत घातलेलं कुणी परत मागतं का गं? तुझ्या माहेरी अशी रीत आहे?"

"पैशासाठी नाही हो मोजली."

"मग कशासाठी?"

"तुमच्यामागे तिचं कोण?"

"म्हणजे मी मरायची वाट बघतेस."

"तुम्ही शंभर वर्षं जगा. पण कुबात तिला नेणार. त्या बाईच्या पोराचे लंगोट धुवायला. तुम्हीच ऐकलंत ना? माझी पोर..." साल्किन थांबली. 'माझी पोर' हे दोन शब्द तिने आपासमोर जन्मात पहिल्यांदा काढले होते.

आपा मग बसली. पोत्यावरच बसली, कांद्याच्या. साल्किनला वाटलं की आता शिव्या येणार. आल्या नाहीत.

"तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं?" आपा म्हणाली. "तू गोठ्याच्या दाराशी उभी राहायचीस, ती माझ्याजवळ झोपली की. मी बघायची. म्हणायची, अजून एक होईल हिला, विसरेल. सहा वर्षं झालं नाही तुला. सहा वर्षं मी नमाजात तुझ्यासाठी मूल मागत होते, आणि ते तुझ्यावरच्या मायेने नाही मागितलं. चोराच्या मनाने मागितलं."

साल्किन रडू लागली. आपाला एका डोळ्याने रडता येत होतं, दुसरा नुसता पाझरत होता.

"कोर्टात जा," आपा शेवटी म्हणाली. "माग. न्यायाधीश देईल त्याला देईल. पण तिच्यासमोर 'आई' हा शब्द काढू नकोस. मी असेपर्यंत नको. मी तिच्या डोळ्यांत खोटी ठरून मरायचं नाही. एवढं दे मला."

"नाही काढणार," साल्किन म्हणाली. कायद्याचा सल्लागार कुणी तिथं असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. अख्खा खटला ज्या एका शब्दावर उभा, तोच ती देऊन बसली. पण तिने मनात ठरवलं होतं, की पोर एकदा माझ्या खोलीत आली, माझ्या ताटात जेवली, की पुढं चार वर्षांनी, पाच वर्षांनी, हळूहळू सांगता येईल. घाई नाही. अकरा वर्षं थांबलेल्या बाईला पाच वर्षं म्हणजे काय?

तारखेच्या दिवशी आपा आणि जिबेक सकाळच्या वडापने आल्या. जिबेकने शाळेचा पांढरा एप्रन आणि मोठाली पांढरी फुलं लावलेल्या वेण्या घातल्या होत्या, कोर्ट म्हणजे समारंभ असं वाटून. वेण्या एकीकडे सैल होत्या. साल्किनचे हात शिवशिवले.

कुबात आला नव्हता. त्याने घटस्फोटाला हरकत नाही असा सहीशिक्क्याचा कागद पाठवला होता, आणि त्यात 'एका मुलाचा खर्च देईन' असं लिहिलं होतं. त्यानेही मोजताना एकच मोजलं होतं. बापालाही बहीण म्हणायची सवय झाली की ती सुटत नाही.

न्यायाधीश पन्नाशीचे होते, सर्दीने बेजार. त्यांनी जिबेकला बाहेर बसवलं, कागद चाळले आणि साल्किनला म्हणाले, "बाई, मुलीला ठाऊक आहे?"

"नाही साहेब. आणि तिला सांगू नका. मी शब्द दिलाय."

"मग मी तिला विचारू काय? ज्या बाईला ती वहिनी समजते तिच्याकडे राहायला जाशील का, असं?"

"असंच विचारा."

न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि आपाकडे पाहिलं. आपा भिंतीकडे बघत होती. ते उठून बाजूच्या खोलीत गेले. मुलांच्या कल्याणाचं काम बघणाऱ्या बाईंनी जिबेकला तिथंच नेलं. दहा-बारा मिनिटं लागली. साल्किनने तेवढ्यात आपल्या खोलीतलं सामान मनात तीनदा हलवलं. एरबोलची गादी खिडकीखाली, जिबेकची भट्टीजवळ, तिला थंडी सोसत नाही. अभ्यासाला टेबल हवं होतं, ते शाळेतल्या मोडक्यातून मिळालं असतं.

न्यायाधीश परत आले. हातात एक पान होतं, त्यावर पोरीने सांगितलेलं लिहून घेतलं होतं. त्यांनी वाचलं. मला आपाजवळ राहायचं आहे. आपाच्या डाव्या हाताला बटण लावता येत नाही, ते मी लावते. आपा घास चावते तेव्हा गालात अडकतो, ते मला समजतं, दुसऱ्याला समजत नाही. वहिनी मला खूप आवडते, पण वहिनीचं माझ्यावाचून अडत नाही, तिच्याजवळ एरबोल आहे.

आपाने तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरलं. साल्किन ऐकत राहिली. पोर चांगली निपजली होती. आजाऱ्याला सोडून न जाणारी, शहाणी, मायाळू पोर. तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी काळीज फाटलं, कारण तिला असं वाढवणारी साल्किन नव्हती.

"तिच्या बापाने तिला रशियात नेली तर?" तिने कसंबसं विचारलं.

"आईच्या संमतीवाचून मुलीला देशाबाहेर नेता येत नाही. कागदावर आई तुम्ही आहात. तुम्ही सही केली नाहीत तर त्याला परत माझ्यासमोर यावं लागेल." न्यायाधीशांनी जरा थांबून म्हटलं, "तेवढं तुमच्या हातात आहे, बाई."

मग त्यांनी निकाल सांगितला. लग्न मोडलं. एरबोल आईकडे, बापाच्या कमाईचा पाव हिस्सा, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत. जिबेक, तिच्या इच्छेप्रमाणे, आजीकडे. "आता जिबेकचा खर्च," ते आपाकडे वळले. "मूल ज्याच्याजवळ राहतं त्याला आईबाप दोघांकडून खर्च मागता येतो. झुराकान आपा, तुम्ही मागता का?"

"माझ्या लेकीच्या जेवणाचे पैसे मी लोकांकडून मागू?" आपा म्हणाली. "भीक नाही लागली मला."

"मी देते!" साल्किन उभी राहिली. आपण ओरडलो हे तिला नंतर समजलं. "माझ्या पगाराचा पाव हिस्सा लिहा. लिहा साहेब. एका पोराला पाव, कायदाच आहे ना?"

आज सुनावणीत लिहून घ्यायला बसलेल्या नासिपाचा हात थांबला. न्यायाधीश म्हणाले, "बाई, इथं माणसं येतात ती कमी करा म्हणून रडायला. स्वतःवर लावून घ्या म्हणणारी मी पाहिली नाही."

"आता पाहिलीत. लिहा."

"समोरच्याने मागितल्याशिवाय मला लावता येत नाही. राजीखुशीने द्यायचं तर नोटरीसमोर करार होतो. त्यावर घेणाऱ्याचीही सही लागते."

साल्किन आपाकडे धावली. "आपा, सही करा. दर महिन्याला मी आणून देईन. तुम्ही खर्चू नका, पेटीत टाका, कोंबड्यांना घाला. पण सही करा."

आपाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "त्या कागदावर तू कोण म्हणून लिहिणार?"

साल्किनने नजर जमिनीकडे वळवली.

"आई म्हणून ना?"

"हो."

"मग नाही गं," आपा म्हणाली. "एवढं मला नाही जमायचं."

जगात आईला किती काय काय मिळतं. कुणाला मुलाचं प्रेम, कुणाला त्याचा पगार, कुणाला म्हातारपणी आधार. साल्किनला नुसतं देणेकरी व्हायचं होतं. एका कागदावर, महिन्याच्या महिन्याला, आई म्हणून देणेकरी. तेही तिला मिळालं नाही, आणि न देणारीवर तिला धड रागावताही येईना.

नासिपाने आपाला हाताला धरून उठवलं. साल्किन आधी बाहेर आली. बाकावर जिबेक पाय हलवत बसली होती.

"झालं वहिनी? मोडलं लग्न?"

"मोडलं."

"रडलीस ना? नाक लाल झालंय. दादासाठी रडू नकोस, तो घोरायचा." ती हसली, मग साल्किन हसली नाही म्हणून थांबली. कपाळाला आठी घालून ती काहीतरी जुळवू लागली. उदाहरण सोडवताना तिच्या कपाळाला तशीच आठी पडायची, साल्किनच्याही पडायची. "वहिनी, म्हणजे दादा आता तुझा कुणी नाही?"

"नाही."

"मग तू माझी वहिनी कशी? दादामुळेच तर होतीस."

साल्किनने तिच्या सैल वेणीचं फूल घट्ट केलं.

"मग मी तुला काय म्हणू?" जिबेकने विचारलं.

दारात आपा आलेली होती. तिने ऐकलं होतं. धड हाताने तिने चौकट धरली. तिने मान हलवली नाही, बोट वर केलं नाही, दिलेला शब्दही आठवून दिला नाही. तिने नुसते डोळे मिटून घेतले, मार खाणारं माणूस मिटतं तसे.

शब्द साल्किनच्या ओठांवर होता. तो कधीही बाहेर न काढल्यामुळे जशाचा तसा, कोरा होता. पोरीने स्वतः होऊन विचारलं होतं, खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि हेही दिसत होतं, की थोड्या वेळाने या दोघी एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून घरी जाणार आहेत, आणि त्या घरात आपाच्या तोंडात घास घालणारं दुसरं कुणी नाही.

"ताई म्हण," ती म्हणाली. "दुकानातल्या बाईला म्हणतेस ना, तसं. सगळ्यांनाच म्हणतात."

"ताई." जिबेकने म्हणून पाहिलं. तिला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण पोर वळणाची होती, परक्या मोठ्या माणसाशी कसं बोलायचं हे आपाने तिला नीट शिकवलं होतं. तिने एप्रन सारखा केला, उभी राहिली आणि साल्किनपुढे अदबीने वाकली.

"बरं ताई. येते मी. सुट्टीत एरबोलला घेऊन या तुम्ही आमच्याकडे."